गाजरगवत आणि अंगाची आठवण

पुण्याच्या उकिरड्यांवर एक अनोळखी रोप उगवू लागलंय, हे पहिल्यांदा ध्यानात आलं ते प्रा. परांजपे यांच्या. साल होतं १९५१. रोप काही डोळ्यांत भरणारं नव्हतं. आधी जमिनीला चिकटून गोल पसरलेली, गाजराच्या पाल्यासारखी चिरलेली पानं. मग मधूनच सरळ वर आलेला दांडा, उभ्या रेघांचा, बारीक लव असलेला. शेंड्याकडे फांद्या फुटायच्या आणि त्यांवर साबुदाणा सांडल्यासारखी पांढरी फुलं यायची. पाच वर्षांनी, १९५६ मध्ये, वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये दोन-तीन पानांचं टिपण लिहून त्याची रीतसर नोंद केली: पार्थेनियम हिस्टेरोफोरस, भारतात नवं. मूळ घर मेक्सिकोच्या आखाताभोवतीचं. लिनियसने त्याला १७५३ मध्येच नाव देऊन ठेवलं होतं.

त्यानंतर बारा वर्षांनी हेच नाव पुन्हा एका भारतीय नियतकालिकात छापून आलं. या वेळी ते नियतकालिक त्वचारोगतज्ज्ञांचं होतं. १९६८ मध्ये डॉ. लोणकर आणि डॉ. जोग यांनी या झाडामुळे झालेल्या त्वचादाहाची एक हकिगत प्रसिद्ध केली. उकिरड्यावरचं रोप बारा वर्षांत माणसाच्या पापणीपर्यंत पोचलं होतं. त्या बारा वर्षांची आणि पुढच्या पंधरा-वीस वर्षांची ही गोष्ट आहे. ॲलर्जीचा इतिहास सांगताना आपण लंडन, व्हिएन्ना, पॅरिस असा फेरफटका मारतो. त्या वाटेवर पुण्याचा मुक्काम घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

हे गवत आलं कसं, याचं उत्तर महाराष्ट्रात कुणालाही विचारा, एकच मिळेल: अमेरिकेच्या गव्हातून, पी. एल. ४८० च्या मदतीतून. हा समज इतका पक्का आहे की त्यावर कुणी तारखा ताडून पाहत नाही. पी. एल. ४८० हा कायदा अमेरिकेत झाला १९५४ मध्ये, आणि भारताने त्याखाली पहिला करार केला ऑगस्ट १९५६ मध्ये. राव यांचं टिपण त्याच वर्षीचं, परांजप्यांचं निरीक्षण तर पाच वर्षं आधीचं. म्हणजे कराराची शाई वाळण्याआधीच गवत पुण्यात हजर होतं. अर्थात गहूही आधीपासून येत होता. १९५१ च्या टंचाईत अमेरिकेने भारताला धान्यासाठी १९ कोटी डॉलरचं कर्ज दिलं होतं, आणि त्यातला गहू जहाजांनी आपल्या बंदरांत उतरला होता. तेव्हा गव्हावरचा संशय खोटा नसेलही, पण कलम चुकीचं लावलं गेलंय. त्यात आणखी एक गुंता आहे. जुनी दप्तरं चाळणाऱ्या वनस्पतिशास्त्रज्ञांना या झाडाच्या भारतातल्या खुणा थेट एकोणिसाव्या शतकात सापडल्या. मग ते इतकी वर्षं गप्प का होतं? माझ्या समजुतीप्रमाणे, झाड येणं आणि झाड माजणं या दोन वेगळ्या घटना आहेत. माजायला मोकळी, उकरलेली, कुणाची नसलेली जमीन लागते. पन्नास-साठच्या दशकातल्या वाढत्या शहराने ती मुबलक पुरवली: नव्या वसाहतींचे पाये, रस्त्यांचे भराव, कालव्यांचे काठ, रेल्वेच्या कडा.

नावंही लोकांनी भराभर ठेवली. पानांवरून गाजरगवत, फुलांवरून चटकचांदणी आणि पांढरी फुली. सगळ्यांत जास्त चाललं ते काँग्रेस गवत. पांढऱ्या टोपीसारखी फुलं म्हणून काँग्रेस, असं कुणी सांगतं; त्या पक्षाच्या राजवटीत आलं म्हणून काँग्रेस, असं कुणी. खेड्यांत १९७२ च्या दुष्काळातल्या मिलो ज्वारीबरोबर हे आलं असं सांगणारे अजून भेटतात. त्यांच्या शिवारात ते तेव्हा पोचलं असेल, हे मला सहज पटतं. दुष्काळाच्या आठवणीत लोकांनी या गवतालाही जागा दिली आहे, आणि त्या आठवणीला खोटं म्हणण्याचा अधिकार तारखांना नाही.

झाड म्हणून ते चिवट आहे. जोमदार वाढलेलं एक झाड पंधरा-वीस हजार बिया सहज टाकतं. बी इतकं हलकं की वारा, पाणी, गाडीचं चाक, बैलाचा खूर, काहीही त्याला चालतं. गुरं तोंड लावत नाहीत. वैरणीतून चुकून पोटात गेलं तर दूध कडू लागतं. चरणारं कुणी नाही आणि ऋतूचं बंधन नाही, थोडी ओल असली की झालं. साठीच्या दशकात पुण्याभोवतीच्या पडीक जमिनी हिरव्या-पांढऱ्या दिसू लागल्या, आणि त्याच सुमारास दवाखान्यांत एक वेगळाच चेहरा येऊ लागला.

तो चेहरा एकदा पाहिला की विसरत नाही. पापण्या सुजून जाड झालेल्या. कपाळाची, गालाची कातडी लाल, मग काळवंडलेली, आणि खाजवून खाजवून चामड्यासारखी जाड. त्यावर उभ्या-आडव्या खोल घड्या. मानेच्या दोन्ही बाजू, सदऱ्याच्या उघड्या गळ्यातून दिसणारा छातीचा त्रिकोण, कोपरांचे खळगे, गुडघ्यांमागचे खळगे. सदऱ्याखालची पाठ मात्र बहुधा साफ. रोगी बहुतेक वेळा पुरुष, मध्यम वयाचा, उघड्यावर काम करणारा. लहान मुलं जवळजवळ नाहीत. पहिल्या वर्षी त्रास पावसाळ्यात सुरू व्हायचा आणि गवताचा मोसम सरला की ओसरायचा. दुसऱ्या वर्षी लवकर सुरू होऊन उशिरा जायचा. चार-पाच वर्षांत तो जाईनासा व्हायचा. रात्रभर खाज, झोप नाही, उन्हात गेलं की आग. घरच्यांना वाटायचं रक्त बिघडलं, शेजाऱ्यांना वाटायचं महारोग झाला. कामाला कुणी बोलवायचं नाही.

आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच असायचा: मी तर या गवतात इतकी वर्षं वावरतोय, आजच का? माझ्या शेजारी खुरपणारा धडधाकट आहे, मलाच का?

लोकांनी आपल्या परीने उत्तर काढलं होतं: गवत विषारी आहे. पण विषाचा हिशोब सरळ असतो. नागाचं विष पहिल्याच चाव्यात मारतं, आणि ते शेजाऱ्यालाही मारतं. हे गवत पहिल्या दिवशी काहीच करत नव्हतं, दहाजणांत नऊ जणांना पुढेही काही करत नव्हतं, आणि दहाव्याला वर्षानुवर्षं सोडत नव्हतं. असं वागणाऱ्या वस्तूला विष म्हणता येत नाही. मग म्हणायचं काय, हा पेच युरोपातल्या डॉक्टरांनाही पडला होता.

व्हिएन्नाच्या बालरुग्णालयात क्लेमेन्स फॉन पिर्के हा तरुण डॉक्टर घटसर्पाच्या मुलांना घोड्याच्या रक्तातली लस टोचत असे. मुलं वाचायची, पण आठ-दहा दिवसांनी काहींना ताप यायचा, अंगावर गांधी उठायच्या, सांधे सुजायचे. बेला शिक या सहकाऱ्याबरोबर त्याने या आजारावर १९०५ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यात त्याचं खरं लक्ष गेलं ते दिवसांच्या मोजणीकडे. पहिल्या टोचणीनंतर आजार यायला आठ-दहा दिवस लागायचे. तेच मूल महिन्यांनी पुन्हा टोचलं की आजार काही तासांत किंवा त्याच दिवशी हजर. लस तीच, मात्रा तीच. बदललं होतं ते मूल. पहिल्या भेटीने त्याच्या अंगात काहीतरी शिकवलं गेलं होतं, आणि दुसऱ्या वेळी अंग आठवणीतून उत्तर देत होतं. या बदललेल्या उत्तराला पिर्केने १९०६ मध्ये ग्रीक शब्द जोडून नाव दिलं: ॲलर्जी. रोग्याला संरक्षण देणारी शक्ती आणि रोग्याला छळणारी शक्ती एकच आहे, हे त्याचं म्हणणं अनेकांना पचलं नाही. रोगप्रतिकारानेच रोग होतो म्हणजे काय?

मराठी माणसाला मात्र ते पचायला इतकं जड जाऊ नये, कारण आपल्याकडे त्यासाठी क्रियापद आहे. बिब्बा उततो.

बिब्ब्याचं झाड आपल्या रानांतलं. त्याची गोडंबी आपण थंडीत खातो, फोडाला-चिखल्याला तेलाचा चटका देतो, दृष्ट लागू नये म्हणून बिब्बा बांधतो. परीट त्याच्या काळ्या रसाने कपड्यावर खूण करायचे. चुना लावला की ती खूण कपडा फाटेपर्यंत जायची नाही. पण बिब्बा हाताळण्याआधी घरातली म्हातारी विचारायची, "तुला उततो का गं?" ज्याला उततो त्याला नुसत्या वाफेने, नुसत्या झाडाखालून गेल्यानेही उततो. तोंड सुजतं, अंगावर फोड येतात, पाणी सुटतं. ज्याला उतत नाही तो हाताने फोडतो. मग उतलेल्याला खोबरं-तीळ चोळायचे. वस्तू तीच असून अंगाअंगात फरक असतो, आणि एकदा उतलेलं अंग पुढे जपावं लागतं, हे ज्ञान या एका प्रश्नात आलेलं आहे. बिब्ब्याचा रस मुळात जहाल आहे, तो भरपूर लागला तर कुणालाही भाजेल. पण वाफेने उतणं ही गोष्ट वेगळी. ती पिर्केच्या मुलांच्याच कुळातली.

परदेशी लोकांना हे कळायला दुसरं महायुद्ध यावं लागलं. भारतात आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या मानेवर नेमका एक खाजरा, पाणी सुटणारा चट्टा उठायला लागला. शोध घेता तो सदऱ्याच्या कॉलरला आतून केलेल्या परटाच्या खुणेच्या जागी सापडला. १९४३ मध्ये लष्करातल्या डॉक्टरांनी अमेरिकन वैद्यक संघटनेच्या जर्नलमध्ये तो "धोबी मार्क" या नावानिशी नोंदवला. अमेरिकेत पॉयझन आयव्ही नावाची एक वेल आहे, तिच्या चिकात बिब्ब्याच्या रसाची भावंडं असतात. त्या वेलीने लहानपणीच ज्यांचं अंग शिकवून ठेवलं होतं, त्यांना परटाच्या खुणेचा ठिपकाही पुरला. हा प्रसंग मला फार बोलका वाटतो. शाळा टेक्सास-व्हर्जिनियाच्या रानात झाली आणि परीक्षा हिंदुस्थानातल्या छावणीत.

पुण्याच्या रोग्यांची परीक्षा कशी घ्यायची, याची रीतही जुनीच होती. ब्रेस्लाऊचे योसेफ याडासोन यांनी १८९५ मध्ये ती दाखवली होती. संशयित वस्तूचा थेंब रोग्याच्या पाठीवर, जिथे कातडी निरोगी आहे तिथे ठेवायचा, वर पट्टी चिकटवायची आणि थांबायचं. दोन दिवस अंघोळ नाही, घामाचं काम नाही. दोन दिवसांनी पट्टी काढायची, बघायचं, पुन्हा एक-दोन दिवसांनी बघायचं. ज्याचं अंग त्या वस्तूला ओळखतं, त्याच्या पाठीवर तेवढ्याच चौकोनात कातडी लाल होते, वर येते, बारीक पाणीदार पुटकुळ्या धरते. शेजारच्या चौकोनात, जिथे दुसरं काही लावलं होतं, तिथे काहीही नाही. गाजरगवताचा अर्क लावल्यावर पुण्यातल्या पाठींवर हा चौकोन उठला. गवताच्या नावावर गुन्हा नोंदवायला यापेक्षा साधा पुरावा नाही.

हे दोन दिवस का लागतात, हाच या आजाराचा गाभा आहे. पराग नाकात गेला की काही मिनिटांत शिंका येतात. ती झटपट ॲलर्जी. तिच्यामागे रक्तातलं एक विशिष्ट प्रतिपिंड असतं. डेन्व्हरमध्ये किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने ते १९६६ मध्ये ओळखलं. गाजरगवताची गोष्ट निराळी. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत कार्ल लँडस्टायनर आणि मेरिल चेस यांनी १९४२ मध्ये गिनीपिगांवर दाखवून दिलं की कातडीची ही उशिरा येणारी ॲलर्जी एका जनावराकडून दुसऱ्याकडे रक्ताच्या पाण्यातून जात नाही. ती पेशींबरोबर जाते. म्हणजे आठवण पेशींमध्ये असते. त्या पेशी आपण आज टी-पेशी म्हणून ओळखतो.

गाजरगवतात ती आठवण जागवणारं द्रव्य पार्थेनिन. फ्लोरिडात वेर्नर हर्झ आणि त्यांच्या सहकाऱ्याने ते १९५९ मध्ये वेगळं केलं, रसायनशास्त्राच्या कुतूहलापोटी. तेव्हा पुण्यातल्या पापण्यांशी त्याचा संबंध कुणाच्या ध्यानीमनी नव्हता. हा रेणू इतका लहान आहे की शरीराच्या पहारेकऱ्यांना तो एकटा दिसतच नाही. पण तो कातडीतल्या प्रथिनांना जाऊन चिकटतो, आणि आपलंच प्रथिन परक्यासारखं दिसू लागतं. कातडीतल्या पहारेकरी पेशी तो बदललेला तुकडा उचलून काखेतल्या, मानेतल्या लसिका ग्रंथींकडे नेतात. तिथे लाखो टी-पेशींतली एखादी त्याला नेमकी बसते, आणि तिची फौज वाढू लागते. या पहिल्या शिकवणीला दहा-पंधरा दिवस लागतात आणि त्या काळात माणसाला काहीच कळत नाही. पुष्कळदा वर्षानुवर्षं स्पर्श होत राहतो, फौज काही उभी राहत नाही. मग कधीतरी कातडी घामाने भिजलेली असते, खरचटलेली असते, गवत फुलावर आलेलं असतं, आणि शिकवणी पुरी होते. त्यानंतर कणभर पार्थेनिन पुरतं. फौज जमायला एक-दोन दिवस लागतात, म्हणून चौकोन दोन दिवसांनी उठतो. आणि ती फौज बरखास्त होत नाही. "आजच का?" या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

चेहरा का, याचं उत्तर झाडाच्या लवेत आहे. पार्थेनिन पानांवरच्या, दांड्यावरच्या, फुलांवरच्या अगदी बारीक केसांत साठलेलं असतं. गवत वाळलं की हे केस आणि पानांचा भुगा धुळीसारखा उडतो. तो पापणीवर, मानेच्या घामात, कोपराच्या खळग्यात बसतो. हाताने न शिवताही माणूस पोळतो. म्हणून रोगी शपथेवर सांगायचे की आम्ही ते गवत उपटलंच नाही, आणि ते खरं असायचं.

डॉ. लोणकरांनी हा विषय एका रुग्णाच्या हकिगतीवर सोडला नाही. व्हँकूव्हरचे जॉन मिचेल वनस्पतींपासून होणाऱ्या त्वचारोगांवर काम करत होते, आणि लंडनच्या सेंट जॉन्स हॉस्पिटलात चार्ल्स कॅलनन हे त्या काळचे संपर्कजन्य त्वचादाहाचे मोठे जाणकार होते. या तिघांचा मोठा लेख १९७४ मध्ये सेंट जॉन्सच्याच नियतकालिकात आला. पुण्याच्या उकिरड्यापासून सुरू झालेली गोष्ट जगभरच्या त्वचारोगतज्ज्ञांपुढे गेली ती या लेखामुळे. झाड अमेरिकेतलं, त्याचं रसायन अमेरिकेत सापडलेलं, तरी या आजाराचं एवढं मोठं रूप आधी पाहिलं ते पुणेकर डॉक्टरांनी.

या ठिकाणी मला एक तुलना टाळता येत नाही. लंडनच्या जॉन बोस्टॉक या डॉक्टरने १८१९ मध्ये स्वतःच्याच डोळ्यांची आणि नाकाची तक्रार वैद्यक मंडळापुढे वाचली. दर उन्हाळ्यात येणारा त्याचा तो त्रास पुढे "हे फीवर" म्हणून ओळखला गेला. नऊ वर्षांनी त्याने आणखी रुग्ण जमवले आणि एक विचित्र गोष्ट नोंदवली: सगळे मध्यम किंवा वरच्या वर्गातले. गरिबांच्या दवाखान्यांत चौकशी करूनही त्याला एकही नक्की रुग्ण मिळाला नाही. मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली यांनी १८७३ मध्ये हा रोग परागकणांनी होतो हे स्वतःवर प्रयोग करून सिद्ध केलं. पतंगांना चिकट काचा बांधून त्यांनी उंच हवेतले पराग मोजले. त्यांनाही हेच कोडं पडलं होतं: परागात सगळ्यांत जास्त वावरणारा शेतकरी यातून सुटतो कसा? तेव्हापासून ॲलर्जी हा सुशिक्षितांचा, नाजूक कातडीच्या लोकांचा आजार अशी एक छाप बसली. ती आपल्याकडेही आली. "आम्हाला कसली ॲलर्जी, आम्ही राबणारी माणसं" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय.

पुण्यात ती छाप पुसली गेली. उशिरा येणाऱ्या या ॲलर्जीचा हिशोब मुख्यतः स्पर्शाचा असतो: जो जास्त काळ, जास्त घामाने, उघड्या अंगाने वस्तूपाशी राहतो त्याचं अंग शिकण्याची शक्यता जास्त. म्हणून ती शेतकऱ्याला, रस्त्याकडेचं गवत काढणाऱ्या मजुराला, गवंड्याला आधी गाठते. गवंड्याच्या हाताला सिमेंटमधल्या क्रोमियमने होणारा त्वचादाह याच घराण्यातला. बोस्टॉकला गरिबांच्या दवाखान्यात जी ॲलर्जी सापडली नाही, तिचं दुसरं रूप गरिबांच्याच कातडीवर लिहिलेलं होतं. बोस्टॉक स्वतःचं दुखणं विद्वानांच्या सभेत वाचू शकला. सणसवाडीच्या किंवा हडपसरच्या बांधावर राबणाऱ्या माणसाकडे सभा नव्हती. त्याची बाजू मांडायला पाठीवरचा चौकोन होता, आणि तो चौकोन मोजणारा डॉक्टर. एवढ्यासाठीच लोणकर-जोगांच्या त्या लहानशा हकिगतीचं मोल मला फार वाटतं.

आजार शिवारापुरता राहत नाही, हीही या रोग्यांची एक वेगळीच यातना. गाजरगवत हे शेवंती-सूर्यफुलाच्या कुळातलं. पार्थेनिनची जवळची भावंडं शेवंतीतही असतात. गवताने शिकवलेल्या टी-पेशी पुष्कळदा शेवंतीलाही ओळखतात. मग दसऱ्याच्या दिवशी देवापुढची वेणी हातात घेतली तरी बोटं खाजतात. माळ्याला, फुलवाल्याला धंदा सोडायची वेळ येते. कातडी ऊनही सहन करेनाशी होते. पुढे पुढे काहींना गवतापासून लांब नेलं तरी उन्हाने पेट घ्यावा तसं होतं.

औषधं होती. स्टिरॉइडची मलमं आणि गोळ्या तात्पुरता थंडावा द्यायच्या आणि बंद केल्या की आग परत. पुढे दिल्लीच्या एम्समधल्या त्वचारोगतज्ज्ञांनी ॲझाथायोप्रिन या प्रतिकारशक्तीला लगाम घालणाऱ्या औषधाचा चांगला उपयोग करून दाखवला. मूत्रपिंड बदललेल्या रोग्यांना जे देतात, तेच. त्यासाठी महिनोन्‌महिने रक्त तपासत राहावं लागतं. बाकी सल्ला एकच होता, गवतापासून दूर राहा. ज्याचं घर गवतात आणि पोट गवतात, त्याने तो कसा पाळायचा?

तेव्हा उलटा मार्ग निघाला: माणूस हलवता येत नाही, तर गवत हलवा. कर्नाटकाने १९७५ मध्ये त्याला उपद्रवी तण जाहीर केलं. कायद्याने बी उगवायचं थांबत नाही, हे वर्षभरातच सगळ्यांना कळलं असावं. मग १९८३ मध्ये बंगळूरच्या फलोत्पादन संशोधन संस्थेत मेक्सिकोहून एक भुंगेरा आणला गेला. झायगोग्रामा बायकोलोराटा. करड्या-पिवळट पाठीवर गडद तपकिरी नागमोडी रेघा, आकार मसुराच्या दोन दाण्यांएवढा. तो आपली पिकं खाईल का, याच्या चाचण्या झाल्या आणि १९८४ च्या पावसाळ्यात त्याला मोकळं सोडलं. काही वर्षांनी सूर्यफुलाच्या शेतांत तो दिसला आणि शेतकऱ्यांत घबराट पसरली. सूर्यफूल आणि गाजरगवत एकाच कुळातलं, तेव्हा भीती अनाठायी नव्हती. अभ्यासाअंती पिकाला खरा धोका नाही असं ठरलं. पुढे मेक्सिकन भुंगेरा महाराष्ट्रात पसरला, कृषी विद्यापीठांनी तो डब्यांत भरून गावोगाव वाटला.

पावसाळ्यात, ऑगस्टच्या सुमारास, रस्त्याकडेला थांबून बघावं. गाजरगवताच्या एखाद्या ताटव्यात पानं उरलेली नसतात, नुसत्या शिरा आणि काड्या. त्यांवर पिवळट अळ्या आणि रेघारेघांचे भुंगेरे दाटीने बसलेले असतात. शेजारच्याच ताटव्यात एकही नसतो आणि तो कमरेइतका उंच, पांढऱ्या फुलांनी भरलेला. हिवाळा आला की भुंगेरा जमिनीत उतरतो आणि पुढच्या पावसापर्यंत तिथेच निजून राहतो. गवत मात्र विहिरीच्या पाटाजवळ, गटाराच्या काठाला, नळाखालच्या ओलीत बारा महिने उगवत राहतं. भुंगेऱ्याची झोप आणि गवताचा जागेपणा यांच्यामधल्या महिन्यांत काम माणसाच्याच हातावर येतं. दर ऑगस्टमध्ये जबलपूरच्या तण संशोधन संस्थेच्या पुढाकाराने गाजरगवत निर्मूलन सप्ताह पाळला जातो. सूचना छापलेल्या असतात: फुलं येण्याआधी उपटा, हातमोजे घाला, नाकातोंडाला फडकं बांधा. मोजे नसतील तर प्लॅस्टिकच्या पिशव्या हाताला बांधायचं सुचवतात.

खुरपणीला बसलेल्या बायकांच्या ओळीत एखादी तशी पिशवी बांधून बसते. बाकीच्यांचे हात उघडेच असतात. गवत मुळासकट निघतं, मातीचा वास येतो, पाल्याचा कडवट वास येतो. घाम आला की त्याच हाताच्या मनगटाने ती कपाळ पुसते, पापणी पुसते, आणि पुढच्या रोपाला हात घालते.